कडेला उभा असलेला मामा

अण्णा, गेल्या महिन्यात माझ्या हातून एका नवरीचा मामा पुसला गेला. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, कान तरी ठेवलास का त्याचा? ठेवला होता. एक कान, थोडं गालफड आणि नवरीच्या खांद्यावर टेकलेली चार बोटं. बाकीचा माणूस पिवळ्या रंगात विरून गेला होता आणि तसाच तो फ्लेक्स जवळच्या पूर्णा गावात नवरीच्या दारासमोर, हळदीच्या मांडवाला लागलासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीची आई दुकानात आली. हळदीच्या घरातून उठून आलेली बाई, हाताला तेल, कपाळावर आठ्या. तिने फ्लेक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "यात माजा भाऊ कुठं हाय? नुस्ता कान हाय. मामाच न्हाय तर पोरीला मांडवात कोन आननार, हा कान?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. मामाशिवाय लग्न लागत नाही आणि त्याला फ्लेक्सवरून काढणं म्हणजे सोयरिकीत काडी टाकणं, हे मला कळतं. मी घाईघाईने म्हणाले, "वहिनी, फेदर जरा जास्त झालं. दुसरा मारून देते, संध्याकाळच्या आत." तिला फेदर म्हणजे काय ते कळलं नाही, पण चूक यंत्राची आहे असं वाटून ती थोडी निवळली. मी मात्र खोटं बोलले होते.

तुम्हाला फेदर सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा दुकानात कॉम्प्युटर नव्हता, फोटो मोठे करायचा तुमचा एन्लार्जर होता आणि काळ्या पडद्यामागे तुमची अंधारखोली होती. दुकान तेच आहे, निजामपुऱ्यातल्या त्याच गल्लीत. मालक चाचा गेले, आता त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसतो. स्टुडिओची पाटी उतरली आणि पत्रिका-फ्लेक्सची चढली. तुमच्या अंधारखोलीत आता मोठं प्रिंटिंग मशीन आहे आणि तिथे इतका लख्ख उजेड असतो की तुम्हाला बघवला नसता. तुम्ही पुठ्ठ्याला भोक पाडून, तो कागदावर हलवत हलवत माणसाच्या भोवतीची कड जी पुसट करायचात, तेच मी आता माऊसने करते. पान मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो ठेवायचा, तो निवडायचा, इफेक्ट्समध्ये जाऊन फेदर घ्यायचं आणि कड किती विरवायची तो आकडा भरायचा. चारही बाजूंनी सारखी विरवता येते, एकाच बाजूने येते, किंवा गडद रंग फिका होत जातो तशी हळूहळू उतरवता येते. गिऱ्हाइकाला नुसतं एवढंच म्हणायचं असतं, "ते धुक्यातून आल्यासारखं करा ना." मी करते. एक गोष्ट मात्र शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगावी लागते: फेदर फोटोच्या बाहेर काही पसरवत नाही, ते आतलंच खातं. म्हणून कडेच्या माणसाच्या बाजूला मोकळी जागा सोडायची. जागा नसेल तर फेदर कमी करायचं. हे मी इतक्यांना शिकवलं आहे की झोपेतसुद्धा चुकणार नाही. म्हणून तर चाचांच्या मुलाला नवल वाटलं. म्हणाला, "ताई, इतना फेदर? पब्लिकला तोंड पायजे, धुकं नको." आणि हसून विषय सोडून दिला.

ती बाई गेल्यावर मी फाइल उघडली. मला आठवत होतं ते असं: मध्ये नवरी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप, आणि पुढे उजवीकडे रिकामी भिंत. भिंत नको म्हणून मी चौकट आत ओढली होती आणि मग सगळीकडून सढळ हाताने फेदर दिलं होतं. आता मी फेदरची टिक काढली, चौकट परत बाहेर ओढली, आणि उजवीकडे एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, जाड मिशा, बापाच्या पाठीमागून हात लांबवून तो भाचीच्या खांद्यावर टेकवलेला. अण्णा, मी त्याला पहिल्यांदा बघत होते. तो माझ्याकडून पुसला गेला नव्हता, तो मला दिसलाच नव्हता. चौकट त्याच्या अंगावरून ओढताना मला तिथे भिंत दिसली होती, अगदी स्वच्छ, फोटोतल्या बाकीच्या भिंतीसारखी. मी खुर्चीत मागे रेलले. बाहेर गल्लीत कापड विणणारे लूम धडधडत होते आणि माझ्या पायांतून जमिनीची थरथर वर येत होती. ती लहानपणापासून येते, तिचं काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

मग मी मागचं सगळं आठवायला लागले, आणि जे जे आठवलं त्याने भीती वाढतच गेली. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. वरण वाढताना डाव ताटाबाहेर जायचा आणि मुलगी म्हणायची, "आई, लक्ष कुठे आहे?" रिक्षा अंगावर आल्यासारखी अचानक बाजूला उगवायची, तिला यायला जणू रस्ताच लागला नव्हता. मी या सगळ्याला वय म्हणत होते. चाळिशी झाली, चष्मा बदलायला झाला, झोप कमी पडते. माणूस स्वतःला समजवायला बसला की कारणांना काय तोटा. तुमचे जावई दापोड्याच्या गोदामात रात्रपाळी करून येतात, त्यांना काय सांगायचं, मला बाजूचं दिसत नाही? मला तरी कुठे ठाऊक होतं की दिसत नाही. समोरचं अक्षर मी आजही कोणाहीपेक्षा बारीक वाचते.

शेवटी कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. त्यांनी एका यंत्राच्या पोकळीत तोंड घालायला लावलं. मध्ये एका दिव्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बसले. ठिपके आले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. नंतर लक्षात आलं, यंत्र चालू आहे आणि ठिपके येतच असणार. तेव्हा मी काय केलं असेल, अण्णा? अंदाजाने बटण दाबायला लागले. परीक्षेत उत्तर येत नसलं की मी काहीतरी लिहून यायची, तशी. बाईंना ते लगेच कळलं. त्यांनी परत बसवलं आणि म्हणाल्या, "ताई, इथे पास व्हायचं नाहीये." मग निकालाचा कागद दाखवला. त्यावर मध्ये पांढरं आणि कडेने करडं, मग काळं, एकातून दुसरं हळूहळू उतरलेलं. पहिला विचार काय आला सांगू? की फेदर छान दिलंय. खरंच. दुसरा विचार यायला वेळ लागला.

काचबिंदू म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि कडेची नजर आधी जाते. मी विचारलं, मग मला काळं का नाही दिसत? तर बाई म्हणाल्या, "काळं दिसलं असतं तर माणसं वेळेत आली नसती का? मेंदू तिथे आजूबाजूचंच भरतो. भोक पडलंय हे कळतच नाही." म्हणजे मामाच्या जागी भिंत. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी राखायचं, असं त्या म्हणाल्या. माझ्या कामात टिक काढली की खाल्लेलं सगळं परत येतं, फोटो खाली शाबूत असतो. एवढी वर्षं मी लोकांना हेच सांगत आले, घाबरू नका, काही जात नाही, आतमध्ये आहे. आता मला ते वाक्य तोंडातून काढवत नाही.

मग त्यांनी पेन उचलून विचारलं, "घरात कोणाला होतं? आईला, वडिलांना?" मी म्हणाले, "नाही." लगेच म्हणाले, विचार न करता. आणि बाहेर येऊन जिन्याचा कठडा धरून उभी राहिले, कारण माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही आला होता.

आपलं स्वयंपाकघर, अण्णा. तुम्ही पाटावर बसलेले, आई चुलीशी. ती तुमच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवते आणि तुम्ही हात लांबवला की तो कलंडतो. रोज नाही, पण इतक्या वेळा की आम्हाला ती गंमत वाटायची. आई म्हणायची, "फोटोतल्या माणसांच्या पापण्या मोजता, तांब्या दिसत नाही?" तुम्ही म्हणायचात, "तांब्याचा फोटो काढायला कोणी येत नाही, म्हणून सवय नाही." आम्ही हसायचो. पुढे पुढे ती तांब्या तुमच्या अगदी समोर ठेवायला लागली. तेव्हा त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. तुम्ही सायकल विकलीत आणि म्हणालात, चालणं तब्येतीला चांगलं. हाक मारली की नुसती मान न वळवता अख्खे वळायचात. आई म्हणायची, "काय ही ऐट, सरदार कुठले." आत्ता हे लिहिताना मी त्या प्रत्येक हसण्यापाशी थांबते.

आणि अंधारखोली. मी शाळेतून आले की तुम्ही मला आत घ्यायचात. मोठे फोटो तुम्ही शुक्रवारी करायचात, कारण शुक्रवारी लूमना सुट्टी. बाकीच्या दिवशी गल्ली हलते, एन्लार्जर हलतो आणि माणसाला दोन नाकं येतात, असं तुम्ही म्हणायचात. लूमवरचे कामगार त्याच दिवशी अंघोळ करून, केस चापून यायचे. त्यांना गावी पाठवायला पुसट कडेचा फोटो हवा असायचा. त्यातून खोली दिसत नाही, मागची फाटकी चादर दिसत नाही, नुसता माणूस ढगातून उतरल्यासारखा दिसतो. "अन्ना, ऐसा बनाओ कि घरवाले समझें बंबई में हैं," एक जण म्हणाला होता. लाल दिव्याखाली तुम्ही माझ्या हातात पुठ्ठा दिला. मी तो धरला, प्रकाश कागदावर पडला, आणि त्या माणसाचा चेहरा बघण्याच्या नादात माझा हात थांबला. कागद औषधात टाकला तर भोकाची कड सुरीने कापल्यासारखी उमटली. तुम्ही रागावलात. तुम्ही क्वचित रागवायचात म्हणून ते अजून कानात आहे. "हात थांबवायचा नाही. कड दिसली की कापल्याचं कळतं. कापलंय हे कोणाला कळता कामा नये." मी रडकुंडीला आले, मग तुम्हीच मला बाहेर नेऊन सरबत पाजलंत.

शेवटच्या वर्षांत तुम्ही प्रत्येक फोटो वाळला की माझ्यापुढे धरायचात. "बघ गं, कडेला काही राहिलंय का?" मला वाटायचं तुम्ही मला शिकवताय. मी ऐटीत सांगायची, इथे डाग आहे, इथे कान गेलाय, हा बाजूला सरकलाय. तुम्ही म्हणायचात, "शाब्बास, नजर आहे तुला." कल्याणच्या जिन्यात उभं राहून मला कळलं, तुम्ही शिकवत नव्हता. तुम्ही विचारत होता. माझ्या नजरेवर तुमचं काम चाललं होतं. मला राग नाही, अण्णा. पण गेल्या वर्षभरात मीही पोरीला तेच म्हणते. कॉलेजमधून येताना ती दुकानात डोकावते आणि मी स्क्रीन तिच्याकडे वळवते, "बघ गं एकदा." आणि तीही ऐटीतच सांगते.

तुम्हाला ठाऊक होतं का? हे मला विचारायचं आहे, बाकीचं सगळं त्यासाठी लिहिलं. ठाऊक असून तुम्ही गप्प बसलात, की माझ्यासारखंच, तिथे भिंत आहे असं तुम्हाला खरोखर वाटत होतं? कारण मग नाक्यावरचा तो दिवस वेगळा होतो. आमच्या घरात तो ठरून गेलेला आहे. टेम्पोवाला बेदरकार होता, बाजूने आला आणि तुम्हाला उडवून गेला. आई आजही टेम्पो दिसला की तोंड फिरवते. फक्त पानवाल्याने तेव्हा सांगितलं होतं, "अन्ना ने देखा ही नहीं. गाड़ी हॉर्न मार रही थी, वो सीधा चलते गए." हॉर्न इथे कोणाला ऐकू येतो, तो तर दिवसभर वाजतोच. पण आई त्याच्यावर उसळली होती. "डोळ्यांचं काम करणारा माणूस तो. त्याला टेम्पो दिसला नाही म्हणता?" तिने त्याच्याकडून परत कधी सुपारी घेतली नाही. मी तेव्हा आईच्या बाजूची होते. आता मी त्या रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि मला ठाऊक असतं की तो पानवाला खरं बोलत होता. मी मान पूर्ण डावीकडे वळवते, पूर्ण उजवीकडे वळवते, परत डावीकडे, आणि तरी पाऊल उचलत नाही. परवा एका बाईने माझा हात धरून मला पलीकडे नेलं. तिला वाटलं मी गावाकडून नवीन आलेय.

मला फार भीती वाटते, अण्णा. कामाची वाटते, कारण हे कळलं तर चाचांचा मुलगा कितीही भला असला तरी अर्ध्या नजरेच्या बाईला कोण फ्लेक्स करायला देईल. रस्त्याची वाटते. पण या भीतींना मी कशीबशी सांभाळते, जेवते, कामाला जाते. मला झोपू न देणारी भीती वेगळी आहे. डॉक्टरीणबाईंनी जाताना सांगितलं होतं, "वडिलांना किंवा आईला असतं तर मी तुमच्या मुलांनाही लगेच आणा म्हणाले असते. हे घरातून येतं." आणि मी नाही म्हणून बसले होते. का म्हणाले? तुमची लाज राखायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं हे की, हो म्हटलं असतं तर ते माझ्यापाशी थांबलं नसतं. माझ्या मागे एक खुर्ची आहे आणि तिच्यात माझी मुलगी बसणार, त्या यंत्रात तोंड घालून.

काल संध्याकाळी आई कोथिंबीर निवडत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णांना शेवटी शेवटी कमी दिसायचं का गं?" तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "तांब्या मी समोर उगाच ठेवत नव्हते." मग म्हणाली, "मला वाटलं वय झालं. विचारलं असतं तर ते दुखावले असते." एवढंच. कोथिंबीर निवडून झाली, तिने देठं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि उठली. म्हणजे तिलाही दिसत होतं आणि तीही तुमच्याभोवती कड पुसट करत राहिली. मग टेम्पोवाल्याला इतकी वर्षं शिव्याशाप कशाला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती कोसळली असती.

मी सोमवारी परत जाणार आहे आणि बाईंना सांगणार आहे की हो, वडिलांना होतं. तुम्हाला कोणी तपासलं नव्हतं, तेव्हा मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पोरीसाठी मला तुमच्यावर हा आळ घ्यायलाच हवा आणि तुम्ही असता तर तुम्हीच म्हणाला असता, घे. पोरीला बरोबर नेणार आहे. तिला अजून कशासाठी ते सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि दुसऱ्या कोणाला दाखवायचंही नाही. आणि जे कोणालाच सांगितलं नाही ते इथे तुम्हाला सांगून टाकते.

आज दुपारी मी तिला स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं. म्हटलं, माझ्या नाकाकडे बघ, डोळे हलवू नकोस, बाजूने बोट येताना दिसलं की सांग. ती म्हणाली, "हे काय नवीन आता?" पण बसली. मी डावा हात लांब नेऊन बोट हलवत हळूहळू आत आणलं. "दिसलं," ती म्हणाली, लगेच. वरून आणलं, "दिसलं." खालून आणलं, "दिसलं." मला इतका आनंद झाला की माझे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "आई, तूच डोळे हलवतेयस." बोटांनी असं काही कळत नाही, खरं यंत्रच सांगतं, हे मला ठाऊक आहे, तरी आनंद झाला. मग उजवा हात नेला. तिच्या नाकाच्या शेंड्यावर नजर ठेवून मी बसले होते, हात लांब केला, बोट हलवायला लागले, आणि ती म्हणाली, "दिसलं. बरोबर ना?" अण्णा, तो हात माझ्याच खांद्याला जोडलेला होता, बोट हलत होतं हे मला आतून कळत होतं. मला तिथे फडताळाची भिंत दिसत होती, अगदी स्वच्छ. मी म्हणाले, "बरोबर."